दहा मीटरवरचा अर्धा मिलिमीटर

[लक्ष्याचा कागद, अगदी जवळून]

हा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. टाचणीचं डोकंसुद्धा याच्याहून मोठं. दहा मीटर एअर रायफलचे दहा गुण याच ठिपक्याचे. पेलेट, म्हणजे रायफलमधली शिशाची बारीक गोळी, साडेचार मिलिमीटर जाड असतं, त्यामुळे त्याची कड ठिपक्याला टेकली तरी दहा मिळतात. पण आता गुण दशांशात मोजतात. बरोबर मधोमध लागलं तर १०.९, आणि तिथून पुढे पाव-पाव मिलिमीटरला एकेक दशांश कमी होत जातो.

[हॉल, सकाळ, शटर वर जातंय]

नाशिकच्या गंगापूर रोडवरचा हा हॉल. पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं कांस्य मिळवणारा स्वप्नील कुसाळे नेमबाजी शिकला तो याच शहरात. पदकांचे फोटो भिंतीवर लावणं सोपं असतं. रायफल आवळून धरणारा हा क्लॅम्प लावायचा तर जमिनीत बोल्ट मारावे लागतात.

[क्लॅम्पमध्ये आवळलेली रायफल]

आज नेम धरायला कुणी नाही. ना खांदा, ना श्वास, ना नाडीचा ठोका. रायफल आणि पेलेट, दोघांचीच परीक्षा.

डब्याच्या मागचं लेबल बघा. हेडचा, म्हणजे पेलेटच्या पुढच्या टोकाचा, व्यास ४.५० आणि खाली लॉटचा, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाचा, नंबर. कंपनी तीच, व्यास तोच, तरी लॉट बदलला की पेलेट बदलतं, कारण साचा झिजत जातो. एका बॅरलला, म्हणजे नळीला, जो लॉट मानवतो तो शेजारच्या, त्याच मॉडेलच्या बॅरलला मानवेलच असं नाही. म्हणून प्रत्येक लॉटचे पाच-पाच शॉट, आणि जो बरा वाटेल त्याचे पुन्हा दहा.

[व्हर्नियर भोकावर टेकतो]

सगळ्या शॉटचं मिळून झालेलं हे भोक म्हणजे ग्रुप. माप बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास आलं तर तो डबा निवडून ठेवायचा. सहा आलं, तर त्यातले साडेचार पेलेटचे आणि दीड पसाऱ्याचा. म्हणजे मध्यापासून पाऊण मिलिमीटर. क्लॅम्पमधली रायफलच १०.७ वर अडकतेय, आणि हाच डबा हातात देऊन आपण मुलीला ‘लक्ष कुठंय तुझं?’ म्हणून विचारणार. लाखांची रायफल घेताना कुणी मागेपुढे बघत नाही. लॉट तपासायला अर्धा दिवस मात्र निघत नाही.

[तळहातावर पेलेट]

मागचा हा पातळ घेर म्हणजे स्कर्ट. हवा इथे भरते आणि तो बॅरलच्या खाचांना चिकटतो. डबा एकदा हातातून पडला की कित्येकांचे स्कर्ट चेपतात. चेपलेलं पेलेट सरावालाही नको.

[क्रोनोग्राफचे आकडे]

आता वेग. सेकंदाला १७०-१७५ मीटर. आकड्यापेक्षा त्यातला चढउतार महत्त्वाचा. दहा शॉटमध्ये दोन-तीन मीटरचा फरक चालतो. पाच मीटरने वेग पडला, तर दहा मीटरवर पेलेट जवळजवळ एक मिलिमीटर खाली लागतं. चार दशांश गेले, आणि नेमबाज नेम जुळवायच्या साइटचे क्लिक फिरवत बसतो.

फरक जास्त दिसला की आधी रायफलच्या हवेच्या सिलिंडरचा गेज बघा. दाब रेग्युलेटरच्या (दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) पातळीखाली गेला असेल तर बाकी काही उघडूच नका, हवा भरा. दाब पुरेसा असूनही आकडे नाचत असतील, तर संशय रेग्युलेटरवर आणि ब्रीचच्या, म्हणजे पेलेट भरायच्या मागच्या तोंडाच्या, ओ-रिंगवर (रबरी कडं). ओ-रिंगवर चीर किंवा चपटेपणा दिसला की नवी बसवायची.

निफाडचा पारा घसरतो त्या दिवसांत एक फोन हमखास येतो, ‘सिलिंडर लीक आहे.’ नसतो. तिशीच्या तापमानात २०० बार भरलेली हवा दहा अंशांवर साधारण १८७ दाखवते. दुपारी पुन्हा गेज बघा.

हवा सावकाश भरायची, आणि कोरडी. भरण्याच्या जोडाला तेल कधीच नाही. दाबाखालची हवा आणि तेल एकत्र आलं तर स्फोट होऊ शकतो. सिलिंडरवर कोरलेली तारीखही वाचा. दहा वर्षं झाली की तो बाद.

[बॅरलमधून दोरी ओढली जाते]

सफाई ब्रीचकडून तोंडाकडे. दोरीला लावलेला फेल्टचा बोळा एकाच दमात ओढायचा, मध्ये थांबायचं नाही. सफाईनंतरचे पहिले दहा-पंधरा शॉट भरकटतात; ते ग्रुपमध्ये धरू नका.

[टॉर्क पाना]

स्टॉकचे, म्हणजे रायफलच्या दस्त्याचे, स्क्रू हाताच्या अंदाजाने आवळले की आज ग्रुप डावीकडे, उद्या वर. कंपनीने दिलेल्या न्यूटन-मीटरवर पाना लावायचा आणि मग त्याला हात लावायचा नाही.

ट्रिगर सगळे आधी छेडतात, म्हणून आम्ही तो शेवटी ठेवलाय. पहिला टप्पा ५०-६० ग्रॅम दाबाचा, दुसरा ३०-४०. पुरे.

शिसं हाताला लागतं. काही खाण्याआधी साबणाने हात धुवा.

[मार्करने डब्यावर लिहिताना]

जिंकलेल्या डब्यावर रायफलचा नंबर. एका डब्यात ५०० पेलेट. याच लॉटचे दहा डबे आजच मागवायचे. पुढच्या महिन्यात दुकानात व्यास तोच असेल, लॉट दुसरा.