नॅसकारचे जुने चाहते कुठे गेले?

नमस्कार श्रोतेहो. आज मोटारींच्या शर्यतीबद्दल बोलायचं आहे. फॉर्म्युला वनबद्दल नाही. त्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत, आणि हल्ली ज्याला त्याला त्यातलं कळतं. मी बोलणार आहे नॅसकारबद्दल. अंडाकृती ट्रॅकवर चाळीसेक गाड्या एकमेकींना खेटून तीन-तीन तास पळतात, ती अमेरिकेच्या दक्षिणेतली स्टॉक कार शर्यत. आपला नारायण कार्तिकेयन २०१० साली त्यांच्या ट्रक मालिकेत उतरला होता आणि त्या वर्षी प्रेक्षकांच्या मतांनी सर्वांत लोकप्रिय चालकही ठरला होता. तेवढीच काय ती आपली सोयरीक.

मी नॉर्थ कॅरोलायनात शार्लटजवळ राहतो. आजूबाजूच्या मूर्सव्हिल, काँकर्ड या गावांत बहुतेक संघांचे कारखाने आहेत. दुकानात दूध आणायला गेलं, तर रांगेत पुढे उभा असलेला दांडगट माणूस कुठल्यातरी संघाचा टायर बदलणारा निघतो. अशा मुलखात जुना चाहता शर्यत बघेनासा होतो, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे नक्की.

आमचे शेजारी सत्तरी ओलांडलेले. त्यांचं गॅरेज म्हणजे छोटं संग्रहालयच आहे. भिंतीवर खिळा, खिळ्याला सुतळी आणि सुतळीत ओवलेली जुन्या तिकिटांची अर्धुकं. बहुतेक सगळी टेनेसीतल्या ब्रिस्टलची. ब्रिस्टल म्हणजे काय प्रकरण होतं बघा. १९८२ ते २०१० या काळात तिथल्या सलग ५५ शर्यतींची सगळी तिकिटं संपलेली, आणि पुढे पुढे तर दीड लाखांच्या वर माणसं बसतील एवढं ते मैदान वाढवलेलं! तिथली तिकिटं मृत्युपत्रात लिहून ठेवायचे, असं हे शेजारी सांगतात. सांगताना हसतात, पण खोटं सांगत नाहीत.

आता रविवारी दुपारी हेच गृहस्थ अंगणातलं गवत कापताना दिसतात. मी कुंपणावरून विचारलं, "आज शर्यत आहे ना?" म्हणाले, "शेवटच्या दहा फेऱ्या उरल्या की हाक मार. बाकीच्या फुकट आहेत, असं त्यांनीच ठरवलंय."

शेवटच्या दहा फेऱ्या. हे ध्यानात ठेवा श्रोतेहो, कारण सगळं घोडं तिथेच अडलंय. आणि ते कसं अडलं हे सांगायचं तर मला १९७९ सालात जावं लागेल. खरं सांगायचं तर मला तिथे जायचंच होतं.

१८ फेब्रुवारी १९७९. फ्लोरिडातलं डेटोना. अडीच मैलांचा ट्रॅक, वळणावर ३१ अंशांचा उतार, म्हणजे नुसतं पायी चढायचं म्हटलं तरी हात टेकावे लागतील. २०० फेऱ्या, ५०० मैल. तोवर टीव्हीवर ही शर्यत तुकड्यातुकड्यांनी दिसायची, पुष्कळदा शिळी. त्या दिवशी पहिल्यांदाच सीबीएस वाहिनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळी शर्यत थेट दाखवणार होती. समालोचक होते केन स्क्वायर. मूळचा रेडिओचा माणूस! १९७० मध्ये शर्यतींचं रेडिओ जाळं उभारणाऱ्यांपैकी एक. आता मी रेडिओवर बसून रेडिओचंच कौतुक करणार हे तुम्हाला ठाऊक आहे, पण तरी ऐका. या जाळ्याचे निवेदक वळणावळणावर उभे असतात. गाड्या एकाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत शिरल्या की वाक्यसुद्धा एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जातं. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ज्यांनी ऐकलंय, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. टीव्हीवाले चित्र दाखवतात आणि वर अखंड बडबडतात. चित्र दिसतंय ना, मग गप्प बसा की!

असो. तर डेटोनाला सकाळी पाऊस. ट्रॅक ओला. सुरुवातीच्या फेऱ्या पिवळ्या बावट्याखाली हळूहळू काढल्या, का तर ट्रॅक वाळावा म्हणून. आणि तिकडे अमेरिकेच्या पूर्व भागात बर्फाचं वादळ. वॉशिंग्टनच्या आसपास माणसं घरात कोंडलेली. बाहेर जायची सोय नाही, टीव्हीवर मोजक्या वाहिन्या. ज्यांनी जन्मात स्टॉक कार शर्यत पाहिली नव्हती ते लाखो लोक नाइलाजानं डेटोना बघत बसले. योगायोग किती जुळून यावेत! पाऊस थांबायला आणि बर्फ पडायला एकच रविवार.

शर्यत सुरू झाली आणि थोड्याच फेऱ्यांत तिघंजण एकमेकांत अडकून आतल्या चिखलात गेले. बॉबी ॲलिसन, त्याचा धाकटा भाऊ डॉनी ॲलिसन आणि केल यारबरो. डॉनी एक फेरी मागे पडला, यारबरो तर त्याहूनही मागे. दुसरा कुणी असता तर त्यानं दिवस सोडून दिला असता. पण हे दोघं एकेक फेरी वसूल करत पुढे आले. कसे आले? पाचशे मैलांत वेळ असतो म्हणून आले. हेही ध्यानात ठेवा. वेळ होता म्हणून आले.

शेवटची फेरी. डॉनी पहिला, यारबरो त्याच्या शेपटीला. मागच्या गाडीचा फायदा असा, की पुढची गाडी वारा कापते आणि मागचीला ओढ मिळते. घाटाआधीच्या सपाटीवर एसटीच्या मागे स्कूटर लावली की ती आपोआप पळायला लागते ना, तसंच. त्या ओढीवर वेग साठवायचा आणि ऐनवेळी बाजूला होऊन सुसाट पुढे जायचं, हा यारबरोचा बेत. मागच्या सरळ पट्टीवर तो डावीकडून, आतल्या बाजूनं निघाला. डॉनी वाट अडवायला खाली आला. यारबरोची डावी चाकं चिखलात. तरी पठ्ठ्यानं पाय काढला नाही! गाड्या एकमेकींवर आदळल्या, पुन्हा आदळल्या, आणि तिसऱ्या वळणाच्या भिंतीवर जाऊन घसरत घसरत आतल्या गवतात थांबल्या. दोघांचंही संपलं.

आता जिंकणार कोण? समालोचकालाही क्षणभर उमगेना. कॅमेरा शोधतोय. अर्धी फेरी मागे तिघंजण तिसऱ्या क्रमांकासाठी झुंजत होते, आणि त्या तिघांत पुढे होता रिचर्ड पेटी. त्या हिवाळ्यातच पेटीच्या पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेली. गेल्या ४५ शर्यतींत एकही विजय नाही. डॅरेल वॉलट्रिप मागे चिकटलेला, त्याच्यामागे ए. जे. फॉयट. पेटीनं दोघांनाही मागेच ठेवलं आणि जेमतेम एका गाडीच्या अंतरानं शर्यत मारली. डेटोना ५०० मधला त्याचा सहावा विजय.

संपलं? कुठलं संपायला! इकडे गवतात बॉबी भावाला विचारायला थांबला, चल, गाडीतून सोडतो म्हणून. यारबरोनं त्यालाच धरलं, हे सगळं तुझ्यामुळे झालं. शब्दानं शब्द वाढला. बॉबी अजून गाडीतच बसलेला, आणि यारबरोनं हातातलं हेल्मेट त्याच्या तोंडावर हाणलं. बॉबी उतरला. मग लाथा, बुक्क्या, चिखल. कॅमेरा एव्हाना तिथे पोचला होता आणि स्क्वायरसाहेब साऱ्या देशाला सांगत होते की मारामारी जुंपली आहे. पुढे कित्येक वर्षं बॉबी ही हकीकत एकाच थाटात सांगायचा. मी काही केलं नाही हो, यारबरोच आपल्या नाकानं माझी मूठ बडवत होता! आता बॉबीही नाही आणि यारबरोही नाही. यारबरो २०२३ च्या शेवटच्या दिवशी गेला, बॉबी पुढच्या नोव्हेंबरात. डॉनीला मात्र २०२४ मध्ये उशिरा का होईना, हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली.

दुसऱ्या दिवशी नॅसकार देशभर पोचली होती. चालकांना दंड झाला, पण संघटनेचे मालक मनातून खूश असणार.

माझं म्हणणं एवढंच आहे, की त्या शेवटच्या फेरीची मालकांना चटक लागली. ती फेरी आपोआप घडली होती. ती दरवेळी घडवून आणायची, असं पुढच्या लोकांनी ठरवलं. आपोआप घडलेली गोष्ट नियम करून घडवायची.

त्याच १९७९ सालचं पुढचं ऐका, हे कुणी सांगत नाही. तेव्हा वर्षभराच्या सगळ्या शर्यतींचे गुण मोजायचे आणि ज्याचे जास्त तो विजेता. बस्स! सरळ हिशेब. त्या वर्षी पेटी आणि वॉलट्रिप यांची चुरस पार शेवटच्या शर्यतीपर्यंत गेली आणि पेटी ११ गुणांनी जिंकला. अख्ख्या हंगामात ११ गुण. फेब्रुवारीत एखाद्या ट्रॅकवर विसावा आल्याऐवजी पंधरावा आलास, तर त्याची किंमत नोव्हेंबरात कळायची. म्हणून चाहता प्रत्येक शर्यत ऐकायचा, म्हणून शंभरावी फेरीसुद्धा ऐकायचा.

२००३ मध्ये मॅट केन्सेथ वर्षभरात एकच शर्यत जिंकून विजेता झाला. रायन न्यूमननं आठ जिंकल्या आणि तो सहावा. झालं, ओरड सुरू. २००४ पासून शेवटच्या १० शर्यतींचा वेगळा हिशेब आला. २०१४ पासून बाद फेऱ्या. सोळाजण घ्यायचे, दर तीन शर्यतींनी चारजण गाळायचे आणि उरलेल्या चौघांत शेवटच्या एका शर्यतीत जो पुढे तो वर्षाचा विजेता. २०१७ पासून तर शर्यतीचेच तुकडे पाडले. ठरलेल्या फेरीला पिवळा बावटा, सगळ्यांनी पुन्हा गोळा व्हायचं. एखाद्यानं मेहनतीनं पाच सेकंदांची आघाडी घेतली असेल, तर ती गेली पाण्यात. टीव्हीला जाहिराती दाखवायची सोय मात्र उत्तम झाली.

आणि मग २०२५ चा नोव्हेंबर, ॲरिझोनातलं फिनिक्स. डेनी हॅमलिन. ६० शर्यती जिंकलेला, वीस वर्षं धावणारा, विजेतेपद एकही नाही. त्या दुपारी तो २०८ फेऱ्या सर्वांत पुढे होता. फक्त तीन फेऱ्या उरल्या असताना विल्यम बायरनचा टायर गेला, तो भिंतीवर, आणि पिवळा बावटा. सगळे पिटमध्ये. हॅमलिननं चार टायर बदलले, काइल लार्सननं दोनच बदलून वेळ वाचवला. पुन्हा सुरुवात झाली, लार्सन तिसरा आला, हॅमलिन सहावा, आणि त्या चौघांत पुढे म्हणून वर्षाचा विजेता लार्सन. त्या शर्यतीत तो एक फेरीही पहिल्या क्रमांकावर नव्हता. लार्सन हाडाचा चालक आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण त्या रात्री आमच्या शेजाऱ्यांना हाक मारून आणायचीसुद्धा मला लाज वाटली.

बाकीची कारणं आहेत, ती भराभर सांगतो. जुने ट्रॅक गेले. याच राज्यातलं नॉर्थ विल्क्सबोरो १९९६ नंतर बंद पडलं, तिथल्या तारखा टेक्सास आणि न्यू हॅम्पशरला गेल्या. रॉकिंगहॅम २००४ नंतर गेलं. २०२३ मध्ये विल्क्सबोरो परत आलं, पण मधल्या काळात एक पिढी गवत कापायला शिकली. गाड्याही सारख्याच दिसू लागल्या. २०२२ च्या नव्या गाडीचे बहुतेक भाग ठरलेल्या पुरवठादारांकडूनच विकत घ्यायचे, त्यामुळे गल्लीतल्या मेकॅनिकची करामत संपली. चाकाला पाच नट असायचे, आता मधोमध एकच. शेव्हरलेची कॅमॅरो दुकानात मिळायची बंद झाली तरी ट्रॅकवर पळतच होती! पूर्वी लोक रविवारी जिंकलेली गाडी सोमवारी विकत घ्यायचे म्हणे. आणि प्रक्षेपण तर विचारूच नका. २०२५ पासून एक हंगाम बघायला फॉक्स, ॲमेझॉन, टीएनटी, एनबीसी. घरातल्या किराणापेक्षा वर्गण्या जास्त. रेडिओ फुकट आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

काही माणसं गेली ती २००१ मध्येच. पुन्हा तोच १८ फेब्रुवारी, पुन्हा डेटोना, पुन्हा शेवटची फेरी, आणि नॅसकारचा नामांकित चालक डेल अर्नहार्ट भिंतीवर आदळून गेला. १९७९ च्या त्या शर्यतीत तो नवखा म्हणून धावला होता. त्यानंतर मान धरून ठेवणारा पट्टा सक्तीचा झाला, भिंती मऊ केल्या, आणि कप मालिकेच्या, म्हणजे नॅसकारच्या मुख्य मालिकेच्या, शर्यतीत तेव्हापासून एकही चालक दगावलेला नाही. शर्यत सुरक्षित झाली म्हणून मजा गेली, असं म्हणणारे मला भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, उठून जातो.

आता ताजी गोष्ट. २०२६ च्या हंगामापासून बाद फेऱ्या आणि शेवटच्या शर्यतीतलं ते चौघांचं नाटक बंद. पुन्हा शेवटच्या १० शर्यतींचे गुण, म्हणजे साधारण २००४ चाच घाट. जुने चाहते अर्धे समाधानी. ३६ पैकी २६ शर्यती अजूनही सोळाजण निवडण्यापुरत्याच. सगळ्या ३६ शर्यतींचे गुण मोजा, असा धोशा लावणाऱ्यांत सर्वांत मोठा आवाज मार्क मार्टिनचा. हा पाच वेळा दुसरा आलेला माणूस. १९९० मध्ये हंगामाच्या दुसऱ्याच शर्यतीनंतर, रिचमंडला, कार्ब्युरेटरखालच्या एका तुकड्यावरून त्याचे ४६ गुण कापले, आणि नोव्हेंबरात तो अर्नहार्टकडून २६ गुणांनी हरला. बाद फेऱ्या असत्या, तर फेब्रुवारीतले ते ४६ गुण कुणाच्या लक्षातही राहिले नसते. तरी त्याला तीच जुनी पद्धत परत हवी आहे.