सलाईनच्या बाटलीतला दुसरा अर्धा

नमस्कार. आजचा जाहीर विषय आहे ‘गोळीच्या नावापुढचं हायड्रोक्लोराईड’. सभागृहातल्या निम्म्या खिशांत मेटफॉर्मिन, म्हणजे मधुमेहाची गोळी, असणारच, तेव्हा विषय परका नाही. पण त्याआधी क्लोराईडची एक जुनी तक्रार मांडतो, कारण तिच्याकडे कुणी लक्षच देत नाही.

सलाईनची अर्धा लिटरची बाटली घ्या. तिच्यात साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे सोडियम क्लोराईड, असतं. म्हणजे लिटरला सोडियम १५४ मिलिइक्विव्हॅलंट (क्षारांचे विद्युतभारित कण मोजायचं एकक) आणि क्लोराईडही १५४. रक्तात सोडियम १३५ ते १४५, पण क्लोराईड मात्र साधारण ९६ ते १०६. म्हणजे सोडियम थोडंसंच जास्त, क्लोराईड जवळजवळ दीडपट! धडधाकट मूत्रपिंडं दोन-तीन बाटल्या सहज निभावून नेतात. प्रश्न येतो तो भाजलेल्या किंवा स्वादुपिंडाला सूज आलेल्या पेशंटला काही तासांत चार-पाच लिटर गेले की. क्लोराईड चढतं, तसं आम्ल शमवणारं बायकार्बोनेट उतरतं आणि रक्त आम्लाकडे झुकतं. रिपोर्टमध्ये ॲसिडोसिस दिसतो, ड्यूटीवरच्या डॉक्टरांना वाटतं शॉक, म्हणजे ढासळलेलं रक्ताभिसरण, अजून आटोक्यात नाही, आणि आणखी एक सलाईन लागतं. आजार वाढवणारी गोष्टच औषध म्हणून पुन्हा दिली जाते.

हे ओळखायला एक वजाबाकी पुरते. सोडियममधून क्लोराईड आणि बायकार्बोनेट वजा करा. उरतं ते ॲनायन गॅप, साधारण ८ ते १२. समजा सोडियम १४०, बायकार्बोनेट १२. क्लोराईड ११८ असेल तर गॅप १०: आम्लता क्लोराईडची. तेच क्लोराईड १०४ असेल तर गॅप २४: लॅक्टेट किंवा कीटोन, म्हणजे शरीरात साचलेली दुसरी आम्लं, शोधा. दोन्ही पेशंटचं सोडियम सारखं, बायकार्बोनेट सारखं. निवाडा करतं एकटं क्लोराईड. आणि लॅबच्या फॉर्मवर लिहिलं काय जातं? ‘सोडियम-पोटॅशियम’. तिसरा आकडा मागितलाच जात नाही. माझी कळकळीची विनंती आहे, तो मागा.

म्हणून सलाईन वाईट, असं मात्र घेऊन जाऊ नका. सतत उलट्या होणाऱ्या पेशंटचं पोटातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड वाहून गेलेलं असतं. तिथे हे क्लोराईडच औषध असतं. मोठ्या प्रमाणात द्रव भरायचा असेल तेव्हा बऱ्याचदा रिंगर लॅक्टेट हे दुसरं शिरेतून द्यायचं द्रावण बरं, त्यात क्लोराईड ११०च्या आसपास असतं. डोक्याला मार लागलेला असेल तर पुन्हा सलाईनच.

आता पोटॅशियम क्लोराईड. १५ टक्क्यांचं दहा मिलीचं ॲम्प्यूल (छोटी सीलबंद कुपी), त्यात दीड ग्रॅम, म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम. हे थेट शिरेत कधीही द्यायचं नाही, हृदय थांबतं. पण बाटलीत घालतानाही एक चूक होते. स्टँडला उलट्या टांगलेल्या बाटलीत सुई खुपसून ॲम्प्यूल रिकामं केलं, तर हे जड द्रावण तळाशी, नेमकं नळीच्या तोंडाशी बसतं आणि पहिल्या धारेतच दाट डोस जातो. बाटली खाली उतरवायची, औषध घालायचं, सात-आठ वेळा उलटसुलट करायची आणि मगच टांगायची. हाताच्या शिरेतून द्यायचं तर अर्ध्या लिटरला एकच ॲम्प्यूल, आणि साधारणपणे तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या वर नाही. म्हणजे बाटली किमान दोन तास चालली पाहिजे. आणि ही ॲम्प्यूल इंजेक्शनच्या पाण्याच्या ॲम्प्यूलशेजारी ठेवू नका, दिसायला ती फार सारखी असतात.

आपल्या तांबट आळीला क्लोराईडची ओळख आपल्याआधीची. तापलेल्या पातेल्यात कल्हईवाला नवसागर टाकतो, तो अमोनियम क्लोराईड. तापला की त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराईड होतात. हायड्रोजन क्लोराईड तांब्यावरचं ऑक्साईड खातं, धातू उघडा पडतो, मगच कथील धरतं. नवसागर कमी पडला की कल्हई ठिपक्याठिपक्यांनी सुटते. हाच नवसागर खोकल्याच्या औषधातही असतो, कफ सुटावा म्हणून.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. तेव्हा हायड्रोक्लोराईड भरभर सांगतो.

बरीच औषधं मुळात अमाईन, म्हणजे नायट्रोजन असलेले आम्लारी (बेस). नुसती ठेवली तर पुष्कळदा तेलकट, पाण्यात न विरघळणारी, हवेत काळी पडणारी. हायड्रोजन क्लोराईडशी जोडली की कोरडा, टिकाऊ, विरघळणारा स्फटिक मिळतो. वजन मात्र वाढतं: ५०० मिलिग्रॅम मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराईडमध्ये मेटफॉर्मिन ३९०च.

कारखान्यात बेस आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवून, थंड ठेवून, त्यात त्याच अल्कोहोलमधलं हायड्रोजन क्लोराईड सावकाश सोडतात. घाई केली की स्फटिकांऐवजी चिकट तेल सुटतं. ओलं क्लोराईड स्टेनलेस स्टीलला, अगदी ३१६ या चांगल्या प्रतीच्या स्टीललासुद्धा, खड्डे पाडतं. म्हणून रिॲक्टर काचेचं अस्तर असलेला हवा.

क्लोराईड आहे का, याची तपासणी: नायट्रिक ॲसिड, मग सिल्व्हर नायट्रेट, दह्यासारखा पांढरा साका, जो अमोनियात विरघळतो. परीक्षानळी नळाच्या पाण्याने धुतली असेल तर साधं पाणीही पांढुरकं होतं, तेव्हा शेवटचं विसळणं डिस्टिल्ड पाण्याचं.

आणि शेवटचं. जठरात आधीच भरपूर क्लोराईड असतं. त्यामुळे मुळात कमी विरघळणारं हायड्रोक्लोराईड तिथे पाण्यापेक्षाही कमी विरघळू शकतं. गोळीची विरघळण्याची चाचणी नुसत्या पाण्यात घेऊन थांबू नका, जठरातल्यासारख्या, ०.१ नॉर्मल तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्येही घ्या. प्रश्न असतील तर विचारा.