हुद्दा : स्वतंत्र कलावंत

श्रोतेहो, नमस्कार.

एकोणिसाव्या शतकाचा मध्य. सेंट पीटर्सबर्गमधलं काझान कॅथेड्रल. एक तरुण पापनिवेदनाचा विधी आटोपून नोंदवहीच्या मेजापाशी आला. वही लिहिणाऱ्या धर्मसेवकानं विचारलं, "नाव आणि हुद्दा?"

"रुबिनस्टाइन. कलावंत."

"म्हणजे नाटकशाळेत नोकरीला?" "नाही." "मग एखाद्या शाळेत शिकवता?" "नाही." "सरकारी चाकरी?" "तीही नाही." धर्मसेवक बुचकळ्यात पडला. शेवटी त्यानं विचारलं, "तुमचे वडील कोण?" "दुसऱ्या श्रेणीचे व्यापारी." मग त्याचा जीव भांड्यात पडला. वहीत नोंद झाली : दुसऱ्या श्रेणीच्या व्यापाऱ्याचा मुलगा.

ज्याची ही नोंद झाली तो आंतोन रुबिनस्टाइन. लहानपणीच पॅरिस-लंडनचे श्रोते जिंकून आलेला पियानोवादक. पण झारच्या राज्यात प्रत्येक माणूस कुठल्या तरी वर्गात मोडायचा : सरदार, पाद्री, व्यापारी, शेतकरी. संगीतावर जगणाऱ्या माणसासाठी त्या वह्यांमध्ये रकानाच नव्हता. ही हकीकत रुबिनस्टाइन यांनी उतारवयात स्वतः सांगितली आहे. त्यांच्याविषयी वाचताना मी पुन्हा पुन्हा त्या वहीपाशी येऊन थांबतो, म्हणून आज बोलायला सुरुवातही तिथूनच केली.

आधी एक खुलासा. विसाव्या शतकातले पोलिश पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन आपल्यापैकी काहींनी ऐकले असतील. ते वेगळे. आडनाव एकच, नातं काही नाही.

आंतोन यांचा जन्म 1829 सालच्या नोव्हेंबरात पोडोलिया प्रांतातल्या विखवातिनेत्स या खेड्यात, एका ज्यू कुटुंबात झाला. ज्यूंनी कुठे राहायचं आणि कुठे नाही, हे रशियात कायद्यानं ठरलेलं होतं. त्यांच्यासाठी आखून दिलेल्या पश्चिमेकडच्या पट्ट्याबाहेर, म्हणजे मॉस्कोत किंवा पीटर्सबर्गमध्ये, त्यांना सहजी बिऱ्हाड करता येत नसे. त्यात 1827 साली झार पहिला निकोलस यानं हुकूम काढला की, ज्यूंच्या मुलांनाही सैन्यात भरती करायचं. बारा वर्षांची पोरं आईबापांपासून तोडली जात आणि पुढं पंचवीस वर्षांची चाकरी. रुबिनस्टाइन घराण्याचे कर्ते होते आंतोनचे आजोबा. त्यांनी 1831 साली लेकी-सुना, नातवंडं सगळ्यांना बर्दिचेव्हच्या चर्चमध्ये नेलं आणि सगळ्या खटल्याचा बाप्तिस्मा करवला. आंतोन तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता. त्या आजोबांना त्या दिवशी काय वाटलं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. नातवंडं वाचवायची तर देव बदला, असा तो सौदा होता.

त्यानंतर कुटुंब मॉस्कोला जाऊ शकलं. वडिलांनी तिथं पेन्सिलींचा कारखाना काढला. पियानोचे पहिले धडे आईनं दिले. ती सायलीशियाकडची, शिस्तीची मोठी कडक. मग अलेक्झांडर व्हिलुआँ नावाच्या शिक्षकांनी हा मुलगा पाहिला आणि त्याला फुकट शिकवायचं कबूल केलं. पियानोसाठी पुढं आंतोननं दुसरा गुरू केला नाही. 1839 साली, नऊ वर्षांच्या आंतोननं मॉस्कोच्या पेत्रोव्स्की उद्यानात पहिली जाहीर मैफल केली. पुढच्या वर्षी व्हिलुआँ त्याला पॅरिसला घेऊन गेले. तिथं त्याला ऐकायला त्या काळचे दोन थोर पियानोवादक, शोपँ आणि लिस्ट, आले होते. लिस्ट पियानोपाशी बसतो कसा, हात उचलतो कसा, मान झटकतो कशी, हे सगळं त्या मुलानं उचललं.

पण बालकलाकाराचं कौतुक मिसरूड फुटेपर्यंतच. धाकटा भाऊ निकोलाय आणि आंतोन यांना घेऊन आई बर्लिनला गेली, तिथं झीगफ्रीड डेन यांच्याकडे दोघं रचनाशास्त्र शिकले. 1846 साली वडील गेले, कारखाना कर्जात बुडाला. आई आणि निकोलाय मॉस्कोला परतले. सोळा-सतरा वर्षांचा आंतोन एकटाच व्हिएन्नाला गेला, लिस्टच्या आशेवर. लिस्टनं सांगितलं, गुणी माणसानं स्वतःच्या बळावर वर यावं. आंतोन माळ्यावरच्या खोलीत राहू लागला, शिकवण्या धरल्या, कधी कधी उपाशीही राहिला. काही आठवड्यांनी लिस्ट आपला गोतावळा घेऊन भेटायला आला आणि खोलीची अवस्था पाहून समजायचं ते समजला. काही न बोलता त्यानं आंतोनला त्याच दिवशी जेवायला बोलावलं. रुबिनस्टाइन यांनी हे आमंत्रण आयुष्यभर लक्षात ठेवलं. तशी भूक ज्यानं काढली असेल, त्याला याचं कारण सांगायला नको.

1848 साली युरोपात क्रांतीचा वणवा पेटला आणि आंतोन मायदेशी निघाला. सरहद्दीवर जकातवाल्यांनी ट्रंक उघडली. आत हस्तलिखित स्वरलिपीचे कागद. या खुणा म्हणजे क्रांतिकारकांची गुप्त लिपी असणार, असा संशय आला आणि ट्रंक जप्त झाली. पीटर्सबर्गला पोचल्यावर पारपत्र जवळ नाही म्हणून पोलिसांनी धरलं. मी संगीतकार आहे, असं सांगितल्यावर पोलीसप्रमुखानं एका कारकुनाला बसवून, मोडक्यातोडक्या पियानोवर वाजवून दाखवायला लावलं. रागाच्या भरात आंतोननं वाद्य अक्षरशः बडवलं. कारकुनानं अहवाल दिला, की हा वाजवतो खरा.

मला वाटतं, पुढच्या कामाचं बीज या अनुभवांत आहे. झारची भावजय ग्रँड डचेस येलेना पावलोव्हना कलांची जाणकार. तिनं या तरुणाला आपल्या महालात आश्रय दिला. दोघांनी मिळून बेत आखले आणि 1859 साली रशियन संगीत मंडळ उभं राहिलं. महालातच वर्ग सुरू झाले. 1862 च्या सप्टेंबरात सेंट पीटर्सबर्ग कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे संगीताचं महाविद्यालय उघडलं, रशियातलं पहिलं. संचालक रुबिनस्टाइन. पियानो शिकवायला लेशेटित्स्की, व्हायोलिन शिकवायला विन्यावस्की. पहिल्या तुकडीत कायदे खात्यातला एक बावीस वर्षांचा कारकून होता, पुढं थोर रचनाकार झालेला प्योत्र इलिच चायकोव्हस्की. वर्षभरात त्यानं नोकरी सोडली. चार वर्षांनी, 1866 मध्ये, निकोलायनं मॉस्कोला तशीच संस्था काढली आणि शिकवायला चायकोव्हस्कीला बोलावून घेतलं.

रुबिनस्टाइन यांचा खरा हट्ट मात्र एका कागदासाठी होता. शिक्षण पुरं करणाऱ्याला या शाळेतून पदवी मिळायची, 'स्वोबोद्नी खुदोझ्निक', म्हणजे स्वतंत्र कलावंत. ती नुसती शोभेची नव्हती. तो कायद्यानं मान्य केलेला दर्जा होता. त्या माणसाला सैन्यभरतीतून सूट मिळे आणि ज्यू असेल तर त्या आखलेल्या पट्ट्याबाहेर राहण्याचा हक्क. काझान कॅथेड्रलच्या वहीत जो रकाना नव्हता, तो रुबिनस्टाइन यांनी सरकारच्या दप्तरात निर्माण केला. 

याच संस्थेत पुढं ल्योपोल्ड आउअर यांच्या व्हायोलिनच्या वर्गात एक दहा वर्षांचा ज्यू मुलगा आला, पुढं जगद्विख्यात झालेला याशा हायफेट्झ. विद्यार्थी म्हणून मुलाला शहरात राहता येत होतं, आईबापांना नाही. मुलगा एकटा राहणार कसा? आउअर यांनी तोड काढली आणि चाळिशीच्या आसपासच्या वडिलांचं नाव विद्यार्थी म्हणून पटावर चढवलं. रुबिनस्टाइन यांना जाऊन तेव्हा सोळा-सतरा वर्षं झाली होती.

विरोध होताच. बालाकिरेव आणि त्यांच्या सोबतचे संगीतकार, त्यांची बाजू मांडणारे समीक्षक स्तासोव, यांना ही शाळा म्हणजे जर्मन व्याकरणाचा कारखाना वाटला. रशियन संगीत लोकगीतांतून आपोआप फुलेल, त्याला परीक्षा कशाला, असं त्यांचं म्हणणं. रुबिनस्टाइन यांनीही हौशी संगीतकारांवर लेखातून झोड उठवली होती, तीही गरजेपेक्षा जास्त. लोकसंगीताचं बळ त्यांना पुरतं कळलं नाही, हे मला मान्य करावंच लागतं. बालाकिरेव यांच्या गटातल्या मुसोर्ग्स्कीच्या शेजारी त्यांच्या सिंफनी ठेवल्या की त्या फिक्या पडतात. रशियन कवी लेर्मोंतोव्हच्या काव्यावरचा 'दानव' हा त्यांचा ऑपेरा 1875 साली मारिन्स्की नाट्यगृहात झाला आणि रशियात तो टिकून आहे. चौथ्या पियानो कॉन्चेर्तोत, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेत, अस्सल वादळ आहे. बाकी पुष्कळसं लिखाण भराभर लिहिलेलं, फेरविचार न केलेलं. 'मेलडी इन एफ' मात्र जगभर गेली. पियानो शिकणाऱ्या मुलांच्या पुस्तकांत ती आजही असते, आणि वाजवणाऱ्याला बहुधा रचनाकाराचं नाव ठाऊक नसतं.

वादक म्हणून मात्र लिस्टनंतर त्यांचंच नाव घेतलं जाई. चेहरा आणि केस बेथोवनसारखे, म्हणून लिस्ट त्यांना बेथोवनच्या नावातल्या 'व्हॅन'वरून 'व्हॅन दुसरा' म्हणायचा. पंजा रुंद, बोटं जाड. स्वर चुकायचे, पुष्कळ चुकायचे, आणि ते स्वतःच म्हणायचे की खाली सांडलेले स्वर गोळा केले तर दुसरी मैफल होईल. लोक तरीही जीव टाकायचे. त्यांच्या पियानोतून माणसाचा गळा ऐकू यायचा. पेडल हा पियानोचा आत्मा आहे, असं ते शिष्यांना सांगत.

1872 साली ते विन्यावस्कीसह अमेरिकेला गेले. 239 दिवसांत 215 मैफली. दर मैफलीचे दोनशे डॉलर ठरलेले. नोटांवर भरवसा नाही म्हणून त्यांनी मोबदला सोन्यात घेतला. नाजूक प्रकृतीचा विन्यावस्की पीटर्सबर्गमध्ये वरचेवर आजारी पडायचा. अमेरिकेत एकही मैफल चुकली नाही, कारण करारात गैरहजेरीला हजार फ्रँक दंड होता. या दौऱ्यानं रुबिनस्टाइन यांना पैशांची ददात उरली नाही. पण अशा फिरतीत कलावंताचं यंत्र होतं, ही चीड त्यांच्या मनात कायमची बसली. पुढं अमेरिकेतून आणखी मोठी बोलावणी आली, ती त्यांनी धुडकावली.

त्यांच्या थोरवीचा पुरावा मला 1885-86 च्या हंगामात दिसतो. 'ऐतिहासिक मैफली' अशा नावानं त्यांनी सात कार्यक्रमांत पियानोसंगीताचा सगळा प्रवास मांडला, इंग्लंडचा जुना रचनाकार बर्ड याच्यापासून स्वतःच्या काळातल्या रशियन रचनाकारांपर्यंत. दुसऱ्या मैफलीत फक्त बेथोवन, एका बैठकीत आठ सोनाटा. हे सगळं समोर कागद न ठेवता. पीटर्सबर्ग आणि मॉस्कोत झालेली प्रत्येक मैफल ते पुन्हा वाजवत, संगीताच्या विद्यार्थ्यांसाठी, तेही विनामूल्य. मॉस्कोत ऐकणाऱ्यांत एक किशोर होता, पुढं मोठा पियानोवादक आणि रचनाकार झालेला सर्गेई राखमानिनोव. मोठेपणीही तो त्या मैफलींविषयी भारावून बोलत असे.

1887 मध्ये रुबिनस्टाइन पुन्हा संचालक झाले. 1890 साली त्यांच्या नावाची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा पीटर्सबर्गमध्ये भरली, रचनेचं बक्षीस इटलीच्या बुसोनीनं नेलं. पण काळ बदलला होता. तिसऱ्या अलेक्झांडरच्या राज्यात हुकूम आला की, कॉन्झर्व्हेटरीतले प्रवेश आणि बक्षिसं गुणांवर नकोत, जातीवंशाच्या हिशोबानं द्या. ज्यू मुलांचं प्रमाण कमी करायचं, हा त्यातला उघड अर्थ. रुबिनस्टाइन यांनी 1891 मध्ये राजीनामा दिला आणि ड्रेस्डेनला निघून गेले. तिथं त्यांनी योझेफ हॉफमन या तरुण पोलिश पियानोवादकाला शिकवलं. मरण मात्र रशियात, पीटरहॉफच्या घरी आलं, 1894 च्या नोव्हेंबरात.

त्यांच्या टिपणांत एक उतारा आहे, फार कडवट. त्याचा सारांश असा : ज्यूंच्या लेखी मी ख्रिस्ती, ख्रिस्त्यांच्या लेखी ज्यू, रशियनांना जर्मन वाटतो, जर्मनांना रशियन, जुन्या पंथाला मी फार नवा, नव्यांना फार जुना. म्हणजे मी धड कशातच नाही.

तुम्ही आकाशवाणीवर हे ऐकता आहात आणि या क्षणी त्यांचं वादन ऐकवावं, असं मला मनापासून वाटतं. ते शक्य नाही. 1890 च्या जानेवारीत मॉस्कोमध्ये यूलियस ब्लॉक यांच्याकडे एडिसनचं ध्वनिमुद्रण यंत्र होतं. चायकोव्हस्की होते, गायिका लाव्रोव्स्काया होती, रुबिनस्टाइनही होते. मेणाचा दंडगोल फिरू लागला. सगळ्यांची थट्टामस्करी त्यावर उमटली, चायकोव्हस्कीची शीळसुद्धा. खरखरीच्या मागून अगदी सुरुवातीला रुबिनस्टाइन यांचा आवाज येतो. यंत्राकडे पाहून ते म्हणतात, "काय सुंदर वस्तू आहे ही!" पियानोचा एकही स्वर त्यात नाही.

नमस्कार.