खाडीकाठचं खुराडं

(दृश्य: गोराईची खाडी. बोट धक्क्याला लागते आहे. मागे बोरिवलीच्या उंच इमारती.)

निवेदन:
बोरिवलीच्या बाजूने बोटीत बसलं की थोड्याच वेळात गोराई. हद्द मुंबई महापालिकेचीच, पण इथल्या बऱ्याच घरांना अजून परसदार आहे. आणि परसदार आलं की कोंबड्या आल्याच. मनोरीला, मढला, आरेतल्या पाड्यांवर आजही पहाटे कोंबडा आरवतो.

आज आपण असंच एक खुराडं बघणार आहोत, आणि घरच्या घरी अंडी कशी उबवतात तेही. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. मुंबईत कोंबड्यांना थंडीची भीती नाही. इथे घात करते ती ओल.

(दृश्य: खुराड्याची चौकट, लाकडी पाय, वरती मंगलोरी कौलं.)

पाच कोंबड्या आणि एक कोंबडा, एवढ्यांना ६ फूट लांब आणि ३ फूट रुंद खुराडं पुरतं. पक्ष्यामागे आत ३ चौरस फूट जागा धरायची. दिवसा त्या बाहेरच असतात. खुराडं जमिनीपासून २ फूट उचललेलं हवं, म्हणजे पावसाचं पाणी खालून वाहून जातं आणि घुशीला पोखरायला जागा राहत नाही.

आता भिंती बघा. पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत फळ्यांनी पूर्ण बंद आहे, कारण पावसाचा मारा तिकडून येतो. पूर्वेला नुसती जाळी. सकाळचं ऊन थेट आत पडतं. आणि चारही बाजूंनी छपराखाली वीतभर पट्टा उघडा सोडलाय. तोसुद्धा जाळीचाच. कोंबड्यांच्या श्वासाची वाफ आणि विष्ठेचा उग्र वायू वर चढतो, तो तिथून निघून जातो. हा पट्टा पुष्कळ लोक पावसाच्या धास्तीने बुजवतात. तसं करू नका, त्यापेक्षा छप्पर दीड फूट पुढे काढा. सकाळी दार उघडल्यावर नाकाला झणझणलं, तर हवा खेळत नाही हे नक्की.

जाळी घेताना हात आखडता घेऊ नये. षटकोनी नक्षीची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे जोडावर डाग दिलेली चौकोनी तारेची जाळी घ्या आणि कडी अशी लावा की मांजराच्या पंजाने सरकणार नाही.

आत बसायला एक आडवा दांडा, आणि अंडी घालायला फूटभर लांबी-रुंदीचे दोन खोके. दांडा खोक्यांपेक्षा उंच हवा. कोंबडी रात्री सगळ्यात उंच जागा धरते. खोके वर असतील तर ती तिथेच झोपते आणि अंडी घाण होतात. खाली भाताचं तूस, फळ्यांना चुन्याचा हात. तूस ओलं दिसलं की त्याच दिवशी काढायचं. पिल्लांना रक्ती हगवण लागते ती ओल्या तुसातूनच.

(दृश्य: खुडूक कोंबडी, पिसं फुगवून बसलेली.)

ही खुडूक बसली आहे, म्हणजे अंडी उबवायच्या ओढीने ठाण मांडून बसली आहे. हात जवळ नेला की फुगते, गुरगुरते, पण जागा सोडत नाही. रात्री अंधारात तिच्याखाली आठ ते बारा अंडी सरकवायची, की २१ दिवस सगळं काम तिचं. माझं मत विचाराल तर खुडूक कोंबडी असताना यंत्राच्या वाटेला जाऊच नये.

पण ती वेळेवर खुडूक बसेलच असं नाही. मग इन्क्युबेटर, म्हणजे अंडी उबवायचं यंत्र लागतं.

वाण्याकडची अंडी इथे चालत नाहीत. लेअर फार्मवर, म्हणजे विकायच्या अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथे, कोंबडा नसतोच, त्यामुळे त्या अंड्यांत जीव नसतो. कोंबडा असलेल्या घरचीच अंडी घ्या, आणि ताजी. साधारण २१ अंशांच्या वर अंड्यातला गर्भ हळूहळू जागा होतो. आपल्या स्वयंपाकघरात मे महिन्यात पारा त्याच्या कितीतरी वर असतो. गर्भ धड वाढत नाही, धड निजत नाही, आणि दगावतो. म्हणून ओल्या वाळूवर मातीचं भांडं ठेवून त्यात अंडी ठेवायची, आणि तीन-चार दिवसांत उबवायला लावायची.

(दृश्य: इन्क्युबेटर. अंड्यांवर पेन्सिलीची फुली.)

पंखा असलेल्या यंत्रात तापमान ३७.५ अंश. दिवसातून तीन किंवा पाच वेळा अंडी फिरवायची, अठराव्या दिवसापर्यंत. एका बाजूला फुली असली की कुठलं राहिलं ते कळतं.

आता ओलाव्याचं. पहिले १८ दिवस यंत्रात ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते. यंत्रासोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं, पाण्याची पन्हळ भरा. जुलैत मुंबईत ती भरू नका! बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा ३७.५ अंशांपर्यंत तापवल्यावर आपोआप ५० टक्क्यांवर येते. वर पाणी घातलं तर अंडं सुकतच नाही. आणि अंडं सुकायला हवं. ४५ ग्रॅमचं गावठी अंडं अठराव्या दिवशी ४० ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे. जेवढं पाणी उडतं तेवढी बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढते, आणि पिल्लू पहिला श्वास तिथेच घेतं. पोकळी लहान राहिली तर पूर्ण वाढलेलं पिल्लू आतच गुदमरतं. जानेवारीत मात्र हवा कोरडी असते, तेव्हा पन्हळ भरायची.

(दृश्य: अंधारं स्वयंपाकघर. अंड्याखाली टॉर्च.)

सातवा दिवस. दिवे बंद, टॉर्चवर अंडं. लालसर उजेडात बारीक शिरांचं जाळं पसरलंय. मध्ये एक काळा ठिपका, जरा हलतोय. तो डोळा. दुसरं अंडं नुसतं पिवळं, स्वच्छ. ते बाहेर.

अठराव्या दिवशी फिरवणं बंद. आता आर्द्रता ६५ ते ७० टक्के हवी, पाणी घालायची वेळ ही.

(दृश्य: अंड्याला टवका. आतून चिवचिव. नातू वाकून बघतोय.)

नातू: आजी, अडकलंय ते. मी जरा सोलू?
आजी: नको रे बाळा. कवचाच्या आतल्या पापुद्र्यात अजून रक्त आहे त्याचं. ओढलंस तर मरेल.

निवेदन:
आजींचं म्हणणं खरं आहे. पहिला टवका पडल्यापासून बाहेर यायला कधी १२ तास लागतात, कधी २४. तेवढ्यात ते रक्त आणि उरलेला बलक पिल्लू पोटात ओढून घेतं. त्या बलकावर दोन दिवस त्याला दाणापाणी नसलं तरी चालतं. म्हणून पिसं सुकेपर्यंत झाकण उघडायचं नाही.

(दृश्य: बल्बखाली पिल्लं.)

पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंशांची ऊब, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, चोच उघडून कडेला पळाली तर बल्ब वर घ्या. पहिल्या आठवड्यातच मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस, डोळ्यात थेंब. एका कुपीत निदान १०० डोस असतात आणि उघडलेली कुपी टिकत नाही. तेव्हा आळीतल्या सगळ्यांनी मिळून आणावी, बर्फातून.

सहा आठवड्यांत पिसं भरतात आणि पिल्लं खुराड्यात जातात. त्यातले साधारण निम्मे कोंबडे निघणार. एका खुराड्यात दोन कोंबडे नांदत नाहीत, आणि शेजारीपाजारी भिंतीला भिंत लावून राहतात, त्यांनाही पहाटेचं आरवणं ऐकू जातं. कुठला ठेवायचा, बाकीचे कुणाला द्यायचे, हे अंडी उबवायला लावण्याआधीच घरात ठरवून ठेवा.