वावरातलं तण, मांडवातली भाजी

श्रोतेहो, नमस्कार.

श्रावणाच्या आगेमागे आपल्या विदर्भात जिल्ह्याच्या, तालुक्याच्या ठिकाणी एक मांडव पडतो. कधी पंचायत समितीच्या आवारात, कधी एखाद्या मंगल कार्यालयात. दारावर फ्लेक्स लागलेला असतो, ‘रानभाजी महोत्सव’. ९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन. तो निमित्ताला धरून गेल्या काही वर्षांपासून कृषी विभाग आणि ‘आत्मा’ म्हणजे कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा राज्यभर हे महोत्सव भरवतात. मी जमेल तिथल्या मांडवात जाऊन येतो. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आत शिरलं की दोन तऱ्हेची टेबलं दिसतात. एका बाजूला शिजवलेलं. तरोट्याचे कटलेट, घोळीचे पराठे, अंबाडीच्या फुलांचं सरबत, आणि हल्ली तर वास्त्यांचं मंचुरियनसुद्धा. पाककला स्पर्धा असते, परीक्षक असतात, त्यामुळे तरोट्यावर चीज किसून घालायची पाळी येते. त्यावर मी काही बोलत नाही, बक्षीस त्यालाच मिळतं. दुसऱ्या बाजूला असते कच्ची भाजी. बचतगटाच्या बाया पहाटेच उठून, एसटी धरून आलेल्या असतात. समोर ओल्या फडक्यावर जुड्या मांडलेल्या. तरोटा, केना, कुंजर, घोळ, अंबाडी, धोप्याची म्हणजे अळूची पानं, काटवलं, बांबूचे कोंब म्हणजे वास्ते, आणि पावसानं साथ दिली असेल तर टोपलीभर सात्या, म्हणजे अळंबी. माझं मन या दुसऱ्या बाजूला रमतं, आणि तुम्हीही तिकडेच जास्त वेळ घालवा असं मी सांगेन.

आता या टेबलावरच्या जुड्या जरा नीट बघा. नाव रानभाजी, पण यातलं निम्मंअधिक रानातलं नाहीच. तरोटा, केना, कुंजर, घोळ, कुरडू, माठ, पाथरी ही सगळी वावरातली नाहीतर धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची मंडळी. जंगल यांना फारसं मानवतही नाही. जिथं माती हलवली जाते, ऊन मिळतं, पिकाच्या ओळींमध्ये जागा असते, तिथं ही उगवतात. म्हणजे शेतीच्या भाषेत सांगायचं तर हे तण. कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर तणनाशकाचा तक्ता टांगलेला असतो, त्यावर कोणतं औषध कोणत्या तणाला मारतं त्याची चित्रं असतात. कधी वेळ मिळाला तर तो तक्ता वाचा. केना तिथं आहे, कुंजर तिथं आहे, घोळ आहे, कुरडू आहे. मांडवात ज्यांच्यासमोर नाव आणि शास्त्रीय नाव लिहून पाटी ठेवली जाते, तेच तिथं आरोपींच्या यादीत. शिफारस करणारं खातं एकच, आणि महोत्सव भरवणारंही तेच. यात मला कुणाची फजिती करायची नाही. पण हे दोन तक्ते एका भिंतीवर शेजारीशेजारी टांगले, तर निदान बोलणं तरी सुरू होईल.

ही भाजी घरात यायची कशी, ते आपल्यातल्या वयस्कर श्रोत्यांना सांगायला नको. निंदणाला गेलेली बाई सगळंच काढलेलं तण धुऱ्यावर फेकत नसे. कोवळं, स्वच्छ, खाण्याजोगं वेगळं करून ओटीत टाकायची. दिवसभराच्या निंदणातून संध्याकाळची भाजी निघायची, तीही पैसा न मोजता. मजुरी पैशात मिळे, भाजी त्यावर वरकड. आणि यातूनच ओळख शिकवली जायची. सासू पुढच्या ओळीत, सून मागच्या ओळीत, आणि ‘ते नको, त्याचं देठ लाल आहे, ते घे’ असं चालता चालता. या शिकवणीला वही नव्हती की वर्ग नव्हता. निंदण हाच वर्ग.

मग वावर बदललं. नव्वदच्या दशकापासून ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली. ज्वारीत तूर, मूग, बरबटी, अंबाडी असं मिसळलेलं असे. सोयाबीन दाट पेरलं जातं, शंभर-सव्वाशे दिवसांत हातात येतं, आणि सुरुवातीचे चाळीसेक दिवस त्यात तण राहिलं तर उतारा घटतो. नेमके तेच दिवस झडीचे. आठ आठ दिवस पाऊस उघडत नाही, डवरा चालत नाही, निंदणाला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. अशा वेळी शेतकरी तणनाशकाचा पंप पाठीवर घेतो. त्याला नावं ठेवणं सोपं आहे, वातानुकूलित सभागृहातून तर फारच सोपं. मला विचाराल तर त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. पण परिणाम काय झाला हे बोलायला हरकत नाही. तण गेलं, निंदण गेलं, निंदणाची मजुरी गेली आणि ओटीतली भाजीही गेली. तिच्या जागी आठवडी बाजारातून कोबी आणि बटाटे येतात, पैसे मोजून.

यातल्या एका वनस्पतीबद्दल मात्र थोडं थांबून सांगायलाच हवं. केना. लांबट-गोल पानं, जमिनीवर पसरणारं लुसलुशीत खोड, सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटणारी छोटी निळी फुलं. हा असा नाजूक दिसतो, पण ग्लायफोसेटसारख्या तणनाशकालाही सहज दाद देत नाही. त्याचं एक कारण त्याच्या जिद्दीत आहे. खुरप्यानं तोडला तर खोडाचा तुकडा पेरापेराशी पुन्हा मुळं धरतो. आणि गंमत म्हणजे केन्याला जमिनीखालीही फुलं येतात. वर निळी, दिसणारी. खाली मातीत मिटलेली, न उमलताच आतल्या आत बी धरणारी. वरचं सगळं जाळलं तरी खालचा वंश शाबूत. शेतकरी याला शिव्या घालतो ते उगाच नाही. आणि याच केन्याची अख्खी पानं बेसनात बुडवून तळली, तर कांद्याची भजी विसराल अशी खमंग लागतात. मांडवात ही भजी मिळाली तर सोडू नका.

घोळीचंही थोडं. आंबटसर, जाडसर पानांची. तिच्यात ओमेगा-३ गटातलं स्निग्धाम्ल आहे, जे पालेभाज्यांमध्ये इतक्या प्रमाणात क्वचितच आढळतं. पण तिच्यात ऑक्झलेटही भरपूर आहे. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी तिच्या नादी फार लागू नये. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मांडवातल्या पाट्यांवर प्रत्येक भाजीखाली ‘मधुमेहावर उपयुक्त’, ‘पोटाच्या विकारांवर रामबाण’ असं ओळीनं लिहिलेलं असतं. एकच मजकूर पाच भाज्यांखाली चिकटवलेलाही पाहिला आहे. भाजी चवीसाठी खा, ऋतूसाठी खा, गोळ्या बंद करून तिच्या भरवशावर राहू नका.

आता खरोखर जंगलातून आलेल्या टोपल्यांकडे वळू. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडच्या मांडवांत त्या जास्त दिसतात. वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. यांत सायनाइड तयार करणारा घटक असतो, म्हणून बारीक चिरून पाण्यात ठेवायचे, उकळायचे आणि ते पाणी फेकून द्यायचं. ही रीत बायांना प्रयोगशाळेनं शिकवलेली नाही, पण प्रयोगशाळा तेच सांगते. ठाणे-रायगडकडे शेवळं अशाच हुशारीनं शिजवतात. त्यात सुईसारखे ऑक्झलेटचे कण असतात, घशाला खाज सुटते, म्हणून सोबत काकड नावाची आंबट फळं घालतात. आपल्याकडे धोप्याच्या पानांना चिंच लागते, तीही त्याचसाठी.

काटवलांना हल्ली असा भाव आहे की लोक म्हणतात, मटण घेतलेलं परवडेल. काटवलाचा नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. नर वेलाला फुलं येतात, फळ धरत नाही. म्हणून ‘हा वांझ आहे’ म्हणत तो उपटून टाकणारे आहेत, आणि मग पुढल्या वर्षी मादी वेलावरही फळ कमी का, याचा विचार करत बसतात. वेल सुकला तरी जमिनीत कंद जिवंत असतो, पहिल्या पावसाला तोच पुन्हा फुटतो. फळ तोडा, कंदाला हात लावू नका. भाव चढल्यापासून कंद खणून नेणारेही निघाले आहेत, त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

आणि सात्या. कुणी यांना टेकोडे म्हणतं. वारुळावर उगवणाऱ्या या छत्र्या. वाळवी जमिनीखाली ही बुरशी स्वतःच्या पोटापाण्यासाठी जोपासते, पावसाळ्यात तिच्या छत्र्या वर येतात आणि आपण त्या खुडतो. म्हणजे खरी शेतकरी वाळवी. माणसाला यांची व्यापारी लागवड अजून जमलेली नाही. पण छत्र्यांच्या बाबतीत एक गोष्ट कठोरपणे सांगतो. ओळखणाऱ्याच्या हातूनच घ्या. चांदीचं नाणं काळं पडतं का, लसूण निळा होतो का, असल्या परीक्षांचा काही उपयोग नाही. मोबाइलवर फोटो काढून नाव विचारणं तर त्याहून धोक्याचं.

पेयांचं टेबल या मांडवांत लहानसंच असतं. अंबाडीचं सरबत, नाचणीची किंवा ज्वारीची आंबील, आणि मोहफुलांचं सरबत. मोहाबद्दल बोलताना जीभ थोडी सांभाळावी लागते. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, वर्धा जिल्ह्यात तर १९७५ पासून. त्यामुळे मोहाचे लाडू, मोहाचं सरबत, मोहाचा जॅम सगळं मांडलेलं असतं, आणि ज्या एका गोष्टीसाठी शहरातल्यांना मोह माहीत आहे, तिचं नाव कुणी काढत नाही. शेजारच्या मध्य प्रदेशानं मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ म्हणून मान दिला. आपण तसं करावं की नाही, यावर दोन्ही बाजूंनी ताकदीनं बोलणारी माणसं गडचिरोलीतच आहेत, आणि व्यसनानं घरं कशी मोडतात हे पाहिलेल्या बायांचं म्हणणं मला तरी हलकं वाटत नाही.

पण मोह म्हणजे फक्त दारू नाही, हेही खरं. मार्च-एप्रिलात पहाटे फुलं गळतात, अंधार असतानाच टोपल्या घेऊन माणसं झाडाखाली असतात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून जास्त साखरच असते. टंचाईच्या दिवसांत कितीतरी घरांनी भाकरीऐवजी उकडलेला मोह खाल्ला आहे. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात १८९२ साली मोहफुलांविरुद्ध वेगळा कायदाच केला होता, अबकारी महसूल बुडू नये म्हणून. आपल्या राज्यात मोहफुलं गोळा करणं, साठवणं, वाहून नेणं यांवरचे निर्बंध २०२१ मध्ये उठले. तोवर स्वतःच्या गावच्या झाडाची फुलं बाजारात नेतानाही माणूस चोरासारखा जायचा. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तूंवर, ग्रामसभेचा हक्क मान्य केला, गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी फुलांची टोपली आपली मोकळी होत नव्हती.

महोत्सव भरवणाऱ्यांना एक सुचवावंसं वाटतं. ९ ऑगस्टची तारीख कार्यालयाला सोयीची, तरोट्याला नाही. तरोटा खायचा तो पहिल्या पावसानंतरच्या पंधरा-वीस दिवसांत, बोटभर असताना. ऑगस्टात तो गुडघ्यापर्यंत आलेला, निबर, फुलावर आलेला. टेबलावर ठेवायचा म्हणून कुठूनतरी सावलीतला शोधून आणतात. चिवळ उन्हाळ्यातली, मोह वसंतातला, अंबाडीची लाल फुलं दिवाळीनंतरची. एकच मोठा मांडव, हारतुरे आणि दोन तासांची भाषणं यांऐवजी आठवडी बाजारात या बायांना वर्षभर एक पक्का ओटा दिला तर खर्च कमी येईल, आणि जी वस्तू ज्या आठवड्यात कोवळी, ती त्या आठवड्यात मिळेल. आणि एक धुरा. पंचक्रोशीतल्या प्रत्येक गावात निदान एका धुऱ्यावर फवारणी होणार नाही, एवढं ग्रामसभेत ठरवता येतं. बी तिथं टिकलं तर बाकी वावरात ते आपल्या पायानं येतं, केना तर न बोलावताच येईल.

तुम्ही जाणार असाल तर सकाळी लवकर जा. उद्घाटनाला पाहुणे येईपर्यंत पालेभाजी मान टाकते, आणि सात्या तर पहिल्या तासातच संपतात. एकाच भाजीची जुडी घ्या, दहा नमुने घेऊन घरी सडवू नका. विकणारीला दोन गोष्टी विचारा. पहिली, कशी शिजवता मावशी? दुसरी, कुठल्या वावरातली, तिथं फवारणी झाली का? दुसऱ्या प्रश्नाला ती थोडी चमकेल, मग खरं काय ते सांगेल. माझा तरी अनुभव असा आहे की ज्या वावराबद्दल तिला खात्री नसते, तिथली जुडी ती स्वतःच बाजूला काढून ठेवते आणि दुसरी देते.

नमस्कार.