घंटेचा गंधार

नमस्कार मंडळी. ऐतिहासिक चित्रपटाच्या पार्श्वसंगीताचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : पेशवाईच्या गोष्टीत चाळीस व्हायोलिनं कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तर द्यायला ठाण्यासारखी जागा नाही. आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे, तो आपला किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला. दोन वर्षांनी चिमाजी अप्पांनी वसई घेतली.

समजा, या मोहिमेवर चित्रपट करायचाय. तटाबाहेर तुतारी, शिंग, नगारे. तटाच्या आत चर्च, आणि तिथलं समूहगान. म्हणजे हार्मनी, एकाच वेळी वेगवेगळे स्वर जुळवून गाणं-वाजवणं, या गोष्टीतच आहे, ती बाहेरून आणून चिकटवावी लागत नाही. पुढे गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये नोटेशन शिकलेले वादक मुंबईत आले आणि आपल्या सिनेमाचा वाद्यवृंद त्यांनी उभा केला. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांचं ऋण आपण अजून नीट मानलेलंच नाही.

आता तुतारी. तिला ना भोकं ना चाव्या. वादक ओठ आणि फुंकर बदलून तिच्या नळीतले नैसर्गिक स्वर तेवढे काढतो. म्हणून माझा आग्रह असतो की आधी तुतारी ऐका, तिचा सा शोधा आणि वाद्यवृंदाची पट्टी त्यावरून ठरवा. उलट केलंत तर तुतारी बेसूर वाटते, मग कुणीतरी ती मशिनवर ओढूनताणून सुरात बसवतं आणि तिची सगळी धार जाते. मला ते ऐकवत नाही.

वसईचा बुरूज सुरुंगाने उडतो, तिथे दिग्दर्शकाला सगळी वाद्यं एकदम हवी असतात. पण स्फोटाचा आवाज खालच्या, खर्जातल्या स्वरांची सगळी जागा व्यापतो. टिंपनीसारखे मोठे नगारे, डबल बाससारखी खर्जातली तंतुवाद्यं तिथे वाया जातात. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम धावतात, म्हणजे मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत एक मात्रा २४ फ्रेमची. स्फोटाआधी दोन मात्रा, ४८ फ्रेम, खालची वाद्यं पूर्ण थांबवा. स्फोट आपोआप मोठा होतो.

आणि घंटा! या मोहिमेनंतर चर्चच्या घंटा आपल्या देवळांत आल्या. नाशिकला नारोशंकराची घंटा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. अशा ओतीव घंटेवर टोला पडला की मूळ स्वरासोबत, तो सा धरला तर, त्याचा कोमल गंधार, म्हणजे उतरलेला ग, हाही ठळक वाजतो. विजयाचा प्रसंग म्हणून खाली वाद्यवृंदाला शुद्ध गंधाराची मेजर कॉर्ड, म्हणजे सा-ग-प एकत्र, लिहिलीत, तर दोन गंधार एकमेकांशी भांडतात. अशा ठिकाणी मी गंधार लिहीतच नाही. चेलो आणि डबल बासवर नुसते सा आणि प. गंधार घंटेचा. वसईच्या वेढ्यात हजारो माणसं पडली. जल्लोषात त्यांचा विसर पडू नये, हे काम तो कोमल गंधार करतो.

आता दोन्ही प्रकार वाजवून दाखवतो. आधी मेजर कॉर्ड, मग नुसते सा-प. टोल्यानंतरच्या आसेकडे लक्ष ठेवा.