कुंचल्यातून उतरलेला सिंहगड

(दृश्य : कोल्हापूर, खरी कॉर्नर. पहाट. कॅमेरा स्तंभ.)

शिवकाल म्हटलं की गडाचा दरवाजा दिसतो, मशालींचा उजेड दिसतो, कमरेला शेला बांधलेला मावळा दिसतो. पडद्यावरचा हा शिवकाल पहिल्यांदा रंगवला तो कोल्हापुरातल्या चित्रकारांनी. त्यांच्या कॅमेऱ्याची ही आठवण या चौकात उभी आहे.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री. पुढे सगळे त्यांना बाबूराव पेंटर म्हणू लागले. ते आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचे. सिनेमा काढायचा तर कॅमेरा हवा, म्हणून दोघे तो स्वतःच बनवायला बसले. काम अर्धवट असतानाच, १९१६ साली, आनंदराव गेले. बाबूरावांनी हात थांबवला नाही. शिष्य विष्णुपंत दामले यांना सोबत घेऊन १९१८ साली त्यांनी तो कॅमेरा चालता केला. गायिका तानीबाई कागलकरांनी पैसा उभा करून दिला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी मार्गी लागली.

(दृश्य : कॅमेऱ्याचा दांडा फिरवणारा हात. जवळून.)

हा दांडा हातानंच फिरवायचा. वेग जरा चुकला की पडद्यावरचा घोडा धडपडलाच. त्यातून त्या काळच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. भगवा काळपट उमटे, निळं आभाळ पांढरंफटक. फेट्याचा रंग डोळ्यांना कसा दिसतो ते बाजूला ठेवून फिल्मवर तो कसा उतरेल, हे आधी ताडावं लागे. अशा कामाला चित्रकाराचीच नजर हवी!

(दृश्य : सिंहगड. कडा, धुकं.)

माघ वद्य नवमी. ४ फेब्रुवारी १६७०. तानाजी मालुसऱ्यांचे मावळे रात्रीच्या अंधारात हा कडा चढले. हरि नारायण आपट्यांनी 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी लिहिली आणि तिच्यावरूनच १९२३ साली बाबूरावांनी 'सिंहगड' काढला.

पण रात्र दाखवायची कशी? तोवर आपल्याकडे सिनेमा उन्हाच्या जिवावर चाले. बाबूरावांनी चित्रीकरणाला दिवे लावले. कृत्रिम प्रकाशात टिपलेल्या भारतातल्या पहिल्या चित्रपटांत 'सिंहगड'चं नाव येतं. रंगवलेल्या सपाट पडद्यांच्या जागी त्यांनी खोली असलेले देखावे उभारले. तटबंदीवर प्रकाश पडला की सावलीही खरी पडू लागली. शिवाजी महाराजांच्या भूमिकेत स्वतः बाबूराव होते. शेलारमामा झालेला तरुण होता शांताराम वणकुद्रे, पुढचे व्ही. शांताराम.

(दृश्य : 'उदयकाल'ची जाहिरात.)

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि त्यांचे सहकारी महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडले, 'प्रभात' ही त्यांची स्वतःची चित्रपट कंपनी उभी राहिली. १९३० साली त्यांनी शिवरायांवर 'स्वराज्य तोरण' हा मूकपट काढला. इंग्रजांच्या सेन्सॉरला नावातला 'स्वराज्य' हा शब्द खुपला. चित्रपट 'उदयकाल' या नावानं आला. महाराज साकारले होते शांतारामांनी. शब्द गेला तरी पडद्यावर काय चाललंय ते लोकांना बरोबर कळत होतं.

(दृश्य : जयप्रभा स्टुडिओ. बंद फाटक.)

दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचा कोल्हापुरातला जयप्रभा स्टुडिओ. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत तो जळाला. भालजींनी तो पुन्हा उभा केला आणि १९५२ साली 'छत्रपती शिवाजी' आणला.

(दृश्य : चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय. भिंतीवरची चित्रं.)

त्या चित्रपटातले महाराज म्हणजे चंद्रकांत मांडरे. तेही चित्रकारच. त्यांच्या हातची ही निसर्गचित्रं त्यांच्याच घरात लावलेली आहेत. ढगांच्या कडा पाहा, उतारावरचं ऊन पाहा. महाराजांची भूमिका करणारा हात रंगाच्या खडूवर किती हलका होता!

महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांचे आज मोजके तुकडे उरले आहेत.

(दृश्य : पुन्हा खरी कॉर्नर. संध्याकाळ. स्तंभाशेजारून वाहनं जाताहेत. निवेदन नाही.)